आधी बोळा, मग गाठ

आमच्या गाडीला चढावर धाप लागायला लागली तेव्हाच मी दादाला म्हटलं होतं, तयार सेट आणू आणि मोकळे होऊ. दोन टर्बो, त्यांचे पाईप, गॅस्केटी, नटबोल्ट, सगळं एका खोक्यात येतं. खोकं फोडायचं, बसवायचं, गाडी रस्त्यावर. दादाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घरचा स्वयंपाक बंद करून खानावळ लावू म्हणतोय.

"आयतंच आणायचं तर मग मी कशाला आहे इथे?" तो म्हणाला.

विषय तिथेच संपला. आमच्या घरात विषय संपतात म्हणजे दादाच्या बाजूला जाऊन पडतात.

दादा माझा थोरला भाऊ. गाडी मी चालवतो, तिचं दुखणंखुपणं तो बघतो. वडील होते तेव्हापासूनची ही वाटणी. वर डोंगरात बोगद्याचं काम चाललंय, तिथे मी सिमेंट आणि सळ्या पोचवतो. चढ लांब आहे आणि त्यात मधे दम खायला जागा नाही. गाडीला आधी एकच टर्बो होता, लहान. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. लहान असला की पटकन जागा होतो, पण अर्ध्या चढात दमतो. मोठा लावला तर दमत नाही, पण तो जागा होईपर्यंत मागच्या गाडीवाल्याचे हॉर्न ऐकावे लागतात. म्हणून दोन लावायचे, एकामागे एक. मोठ्याने लहानाच्या तोंडात हवा फुंकायची आणि लहानाने इंजिनात. दादाने हे जेवताना वहिनीला समजावलं.

"म्हणजे तुम्हा भावांसारखंच की," वहिनी म्हणाली. "थोरला फुंकतो आणि धाकटा पळतो."

दादा खूश झाला. मी आणखी भात वाढून घेतला.

दादाचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं नाही. तयार सेट कुठल्याही गाडीला बसतो म्हणजे कुठल्याच गाडीला नीट बसत नाही, असं तो म्हणायचा. आणि आमची गाडी कंपनीतून निघाली तशी राहिली होतीच कुठे? तिचा रेडिएटर दुसऱ्याच गाडीचा, बॅटरीचा डबा दादाने बनवलेला, सायलेन्सर तर त्याने दोनदा जागेवरून हलवलेला. खोक्यातला पाईप या पसाऱ्यातून वाट कशी काढणार? मी म्हणायचो, अडलं तर तेवढंच कापून जोडू. तो म्हणायचा, कापून जोडायचंच आहे तर आख्खं का जोडू नये. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तो भंगाराच्या बाजारात गेला आणि दोन टर्बो काखोटीला मारून घेऊन आला. एक लहान, एक मोठा. लेकरं उचलून आणावीत तसा त्याचा चेहरा होता.

मग घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी राहिली ती राहिलीच. पाईप वाकवायचा, लावून बघायचा, काढायचा, पुन्हा वाकवायचा. वेल्डिंग करायचं, फुंकून बघायचं, कुठे हवा निसटली तर सगळं घासून पुन्हा करायचं. मी उलट्या बादलीवर बसून पाईप धरायचो. बोगद्यावरच्या साहेबांचे फोन यायचे, त्यांना आज-उद्या सांगायचो. गाडी चालवून माणूस थकतो तो झोपला की ताजा होतो. दुसऱ्याचं काम धरून बसल्याचा शीण झोपेने जात नाही. सकाळी उठायचो तेच दमलेला.

पण शिणापायी मी तयार सेट मागत होतो, हे अर्धंच खरं. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं, वहिनीलाही नाही. दादा विसरायला लागला होता. पाना खिशात घालून शेडभर पाना शोधायचा. एकच नट घट्ट करून हात पुसायचा आणि वळून पुन्हा तोच नट घट्ट करायला जायचा. मी म्हणायचो, झालाय तो. तो म्हणायचा, माहीत आहे. हात अजून तसेच होते, वेल्डिंगची रेघ अशी पडायची की तिच्यावरून बोट फिरवत राहावं. हाताच्या मागचं काहीतरी अधूनमधून विझायचं. आणि त्या हातांच्या भरवशावर मी भरलेली गाडी घेऊन दरीच्या कडेने चढणार होतो. मला भीती वाटत होती. खोक्यातल्या सेटला निदान असं काही होत नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. टर्बो उघडा असताना त्याच्या तोंडात चुकून एखादा नट पडला तर आतल्या पात्यांचा चुरा होतो. म्हणून उघड्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबून ठेवतात. सगळेच ठेवतात. आणि कधी ना कधी सगळेच तो काढायचा विसरतात. इंजिन सुरू झालं की पाती तो बोळाच आत ओढतात, मग रडायलाही वेळ मिळत नाही. वडिलांनी त्यावर उपाय काढला होता. प्रत्येक बोळ्याला सुतळी बांधायची आणि सुतळीचं दुसरं टोक केबिनमध्ये नेऊन स्टिअरिंगला बांधायचं. चालवणारा बसला की सुतळी हाताला लागणारच. आणि सोडताना आधी बोळा काढायचा, मग गाठ सोडायची. उलटं कधीच नाही. आधी बोळा, मग गाठ, हे आम्ही पाढ्यांच्या आधी शिकलो. दुसरी रीत अशी, की ज्याने काम केलं त्याने पहिला भरलेला चढ शेजारी बसून चढायचा.

काम संपलं त्या दिवशी दादा शेडमधून हात पुसत बाहेर आला. "गाडी तयार आहे. सुतळ्या सोडल्यात. मी चहा घेऊन येतो, मग निघू," म्हणाला.

माल शेडमध्येच मागवून गाडी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. मी केबिनमध्ये चढलो. स्टिअरिंग मोकळं होतं. सुरू करायला किल्लीला हात घातला, आणि काय वाटलं कोण जाणे, खाली उतरलो. दादाने केलेलं सगळं एकदा डोळे भरून बघावं, एवढंच मनात होतं. बॉनेट उघडून सगळ्या पाईपांवरून हात फिरवत गेलो. मोठ्या टर्बोच्या तोंडावर एअर फिल्टरचा रबरी पाईप बसवलेला होता, क्लॅम्प कसून आवळलेला. त्या क्लॅम्पखालून सुतळी बाहेर आली होती.

सुतळी ओढून बघायची गरज नव्हती. तिचं दुसरं टोक केबिनमध्ये पायाखाली पडलेलं सापडलं. एक बोळा दादाने काढला होता आणि गाठी दोन्ही सोडल्या होत्या.

मी टोक हातात धरून उभा राहिलो. बोळा गुपचूप काढून टाकावा, असं आधी मनात आलं. पण दादाच्या कामाला त्याच्या पाठीमागे हात लावणं मला जमेना. तोंडावर सांगणं तर त्याहून जमेना. मग तिसरंच सुचलं आणि तेव्हा ते मला मोठं हुशारीचं वाटलं. मी सुतळी स्टिअरिंगला पुन्हा बांधून टाकली आणि हाक मारली, "दादा, निघायच्या आधी एकदा तू बसून बघ."

तो आला, केबिनमध्ये चढला. हात स्टिअरिंगवर गेला आणि सुतळीवर थांबला. मी टायर बघण्याचं नाटक करत होतो. दादाने बोळा काढण्याआधी, आपलीच गाठ सोडायची राहिली का याची खात्री करायला म्हणून असेल, गाठीचं टोक धरून हिसका दिला.

गाठ सुटली नाही.

दादाची गाठ एका हिसक्यात सुटते. आयुष्यभर त्याने तीच गाठ मारली. माझे हात ताडपत्रीच्या दोरांना सरावलेले, मी बांधलेलं सोडवायला नखं मोडावी लागतात. एवढी हुशारी केली आणि हे माझ्या ध्यानातही आलं नाही. दादा त्या गाठीकडे बघत बसला. मग खाली उतरला, क्लॅम्प सैल केला, बोळा काढला, पाईप परत बसवला, क्लॅम्प आवळला. पुन्हा केबिनमध्ये चढून नखांनी गाठ उकलत बसला. पुष्कळ वेळ लागला त्याला. कात्री समोरच होती, ती त्याने घेतली नाही. सुतळी खिशात घातली आणि शेजारच्या सीटवर सरकला.

"चल," म्हणाला.

चढाबद्दल काय सांगू? गाडी इतकी गोड कधी चढली नव्हती. पायथ्यालाच लहान टर्बो जागा झाला, आणि जिथे तो एरवी दमायचा तिथे मोठ्याने त्याला हात दिला, कधी दिला ते कळलंसुद्धा नाही. धूर नाही, इंजिन तापलं नाही, एकही गिअर उतरवावा लागला नाही. खोक्यातल्या कुठल्याही सेटने हे केलं नसतं, हे मी लिहून द्यायला तयार आहे. मी दोनतीनदा शेजारी बघितलं. दादा दरवेळी पहिल्या चढाला बडबड करतो, ऐकलंस का, ऐकलंस का, असं करत मांडीवर थापा मारतो. या वेळी तो नुसता ऐकत होता.

वर माल उतरवून होईपर्यंत आम्ही केबिनमध्येच बसलो. मी म्हटलं, "काम सोन्यासारखं झालंय, दादा."

"झालंय," तो म्हणाला. खिशातली सुतळी काढून त्याने तिची गुंडाळी केली आणि माझ्या समोरच्या खणात ठेवली. "गाठ फार घट्ट मारतोस तू."



"पुढच्या वेळी तयार सेट आण," दादा म्हणाला. "तूच बसव. मी चहा करीन."

कितीतरी दिवस मी हेच ऐकण्यासाठी त्याच्याशी भांडत होतो. आता ऐकलं आणि मीच उलटलो. म्हटलं, "खोक्यातलं आपल्या गाडीला बसत नाही."

"अडलं तर तेवढंच कापून जोड," तो म्हणाला. माझंच वाक्य होतं ते.

मी गाडी वळवली आणि आम्ही रिकामे खाली यायला निघालो. अर्ध्या उतारावर मी त्याचंच वाक्य त्याला ऐकवलं, आयतं आणायचं तर मग तू कशाला आहेस. तो भांडेल असं मला वाटलं होतं. तो खिडकीबाहेर बघत राहिला.