चकचकीत बाजू

इपॉक्सीच्या पॅनेलचा कारखाना धाकट्या दिराचा आणि आगीची परीक्षा वहिनीकडे. पातळ इपॉक्सीत आगरोधक पावडर कालवून साच्यात ओतायची. घट्ट झाली की पॅनेल भिंतीवर डकवायला तयार. वहिनी प्रत्येक खेपेतली एक पट्टी ज्योतीवर धरायची. ज्योत बाजूला केली की पट्टी विझायची आणि तिचा जीव भांड्यात पडायचा. पट्टी मात्र पाठीमागूनच तासून काढायची, हा दिराचा दंडक. दर्शनी बाजूवर ओरखडा उठला तर तो त्याच्या काळजावर उठायचा.

त्या दिवशी एक पॅनेल फुटून परत आलं. आता त्याचं कसलं कौतुक, म्हणून तिने पट्टी समोरून काढली. ज्योत बाजूला केली तरी ती जळतच राहिली. पेटता थेंब परीक्षेसाठी खाली ठेवलेल्या कापसावर पडला आणि कापूस भडकला.

तिने पॅनेलची फुटलेली कड निरखून पाहिली. न ढवळलेल्या सरबतातल्या साखरेसारखी पावडर साच्याच्या तळाशी बसली होती, आणि साच्याचा तळ म्हणजे पॅनेलची पाठ. आगीला दाद न देणारी बाजू भिंतीला चिकटलेली. माणसांकडची नुसतीच चकचकीत.

“भाऊजी, ही खेप कुठे गेली?”

“छोटीच्या पाळणाघरात. असं काय करता, वहिनी? तुम्हीच तर पास केलीत.”

छोटी तिची लेक. वहिनी धावतच सुटली.

पाळणाघरात मुलं दुपारची झोपली होती. हीटर भिंतीला खेटून चालू होता. त्याच्यामागे पॅनेल तपकिरी पडून फुगलं होतं, आणि शेजारीच भिंतीला पाठ लावून छोटी झोपली होती. वहिनीने आधी हीटरचा प्लग उपटला.

“अहो, गारठतील ना मुलं,” सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या. “आधी मधोमध ठेवायचे मी. ही भिंत पेटायची नाही, असं तुम्हीच म्हणालात, म्हणून तिकडे सरकवला. पोरांच्या पायात नको.”

तेवढ्यात दिराचा फोन आला. “मिळाली छोटी? मग घरी या आणि तोंड बंद ठेवा. हा माल आपण कुठे कुठे दिलाय, ठाऊक आहे ना?”

ठाऊक होतं. तिने फोन ठेवला आणि छोटीला उचललं. पोरीची पाठ गरम लागली.

“मावशी, सगळ्यांना उठवा.”

“आत्ताच डोळा लागलाय हो. आणि तुम्ही तपासलंय म्हटल्यावर मी निर्धास्त आहे.”

“मी पाठ तपासली, मावशी,” ती म्हणाली. “मुलांकडची बाजू कधी तपासलीच नाही. उठवा त्यांना.”