न शिवलेलं बटण

“घासलंत कशाला हो बाई? जुनं पितळ असं कुणी घासतं का?” जुनी बटणं पारखणाऱ्या बटणमास्तरांनी भिंग टेबलावर आपटलं.

“माझ्या दादाचं आहे ते. घासू नको तर काय काळं पडू देऊ?” म्हातारीही ऐकून घेणारी नव्हती. “तुमचं दुकानसुद्धा एकदा घासून काढा.”

दादा बोटीवर खलाशी होता. बोट बुडाली, माणसं मिळाली नाहीत. आई तीन वर्षं कंपनीच्या दारात ठाण मांडून बसायची. शेवटी एका साहेबाने तिच्या हातावर हे बटण ठेवलं. म्हणाला, तुमच्या मुलाचा कोट तेव्हाच किनाऱ्याला लागला होता, त्याचं हे जपून ठेवलंय. आता घरी जा. आई घरी आली.

तेव्हापासून म्हातारी ते बटण लखलखीत ठेवत आली होती. भाच्याला देण्याआधी तिला एवढंच लिहून हवं होतं, की हे दादाच्या गणवेशाचंच आहे.

मास्तरांनी पुटपुटत बटण उलटं केलं. पाठीकडे तिचं फडकं पोचलं नव्हतं. कारखान्याचं नाव आणि पत्ता स्वच्छ वाचता येत होता. त्यांनी कपाटातून व्यापाऱ्यांच्या जुन्या छापील सूच्या काढल्या. कोणता बटणवाला कोणत्या साली कुठे होता, ते त्यांत सापडे. एक पाहिली, दुसरी पाहिली, पुन्हा पहिली. चूक आपलीच असावी असं त्यांना फार वाटत होतं.

“बोट कधी बुडाली म्हणालात?”

तिने साल सांगितलं.

मास्तरांचे कान तापले. लिहून द्यावं आणि मोकळं व्हावं, असं क्षणभर मनात आलं. मग बटणाची दोरा ओवायची कडी दिसली.

“हे दादाचं नाही. कुणाचंच नाही. हा कारखाना या पत्त्यावर आला, तेव्हा बोट बुडून दोन वर्षं झाली होती. आणि कडी बघा, दोऱ्याची एक रेघ नाही. कोठीतलं कोरं बटण उचलून दिलं हो त्या हरामखोराने! फेका ते!”

तिने बटण त्यांच्या हातातून काढून घेतलं.

“एवढ्यावर गप्प केलं होय माझ्या आईला,” ती म्हणाली. “सुईदोरा आहे?”

तिच्या कोटाचं गळ्याजवळचं बटण तुटलेलं होतं. तिथे तिने ते घट्ट शिवलं, दोरा दाताने तोडला आणि बटण लावलं.

“कंपनी तिथेच आहे ना अजून?”

“आहे. पण साहेब बदलले.”

“बदलू देत. आईची बसायची जागा मला माहीत आहे.”

मास्तरांनी सूची काखोटीला मारली आणि दुकानाला कुलूप लावलं.