लाल कापडातली लुकुमा

मित्रांनो, मी एक जुना शिकंजा आहे, पुस्तकं बांधणाऱ्याचा. ओतीव लोखंडाचे दोन पाटे, मधे जाड स्क्रू आणि वर फिरवायचं चाक, एवढाच माझा देह. मला अक्षरं वाचता येत नाहीत. पण ज्याच्या वाट्याला आयुष्यभर दाबून धरणं आलं, त्याला कागदाचं वजन कळतं, ओल कळते आणि पानांत दडलेली गाठही कळते. आता स्क्रूचे आटे झिजले आहेत. जे सांगायचं ते सांगून मोकळं व्हावं, असं वाटतं.

पेरू देशातल्या कायाओ बंदरात जहाजातून उतरलो आणि ट्रकच्या पाठीवर डोंगर चढून आयाकुचोला आलो. विद्यापीठाच्या फाटकासमोर तेओदुलो मास्तरांचं दुकान होतं. दारावर पाटी होती, मास्तर ती गिऱ्हाइकांना वाचून दाखवत: ‘इथे चूक होत नाही’. मास्तरांना माझ्यापेक्षा त्या पाटीचाच जास्त अभिमान होता.

विद्यापीठाचा नियम सोपा होता. कायद्याचा प्रबंध लाल कापडात, शेतकीचा हिरव्या, भौतिकीचा निळ्या आणि रसायनाचा पिवळ्या; बाहेर नाव नाही, फक्त रंग. कायद्याचे प्रबंध तळटीपांनी जड झालेले असत. रसायनाच्या कागदांना आंबूस वास येई. भौतिकीवाले आमच्या डोक्यावरून, ढगांच्याही कितीतरी वर वाहणारा विजेचा प्रवाह मोजत, आणि त्यांच्या घड्या घातलेल्या आलेखांमुळे माझे पाटे कधी सपाट बसत नसत. कुणाची तीन वर्षं, कुणाची सात, माझ्या पोटात चोवीस तास पडून राहत आणि पुस्तक होऊन बाहेर पडत. लोक माझ्या चाकावर थाप मारून म्हणत, “काय घट्ट बांधलंय, मास्तर!” तेच माझं तारुण्य.

मग ती वर्षं आली, जेव्हा डोंगरात बंदुका होत्या आणि शहरात संचारबंदी. कागद मिळेना, कापड मिळेना. पुस्तकाच्या पाठीला आतून कागदाच्या पट्टीचं अस्तर लावावं लागतं. त्यासाठी मास्तर रद्दी जमवू लागले. १९८९ च्या मार्चअखेर भौतिकीचे प्राध्यापक एक गुंडाळी घेऊन आले.

“घ्या, मास्तर. आमच्या चुंबकमापकाला वेड लागलं. तेरा तारखेला सुई कागदाबाहेरच गेली. यंत्र बिघडलं.”

“यंत्र बिघडलं असेल, कागद कुठे बिघडलाय? द्या इकडे.”

त्या कागदाच्या कडेला तारखांचे आकडे छापलेले होते, आणि मधे सुईनं काढलेले उंच, अस्ताव्यस्त सुळके.

एप्रिलमध्ये एर्मेलिंदा ताकुरी आली. शेतकी विभागातली, फळांवर शिकणारी, खालच्या खोऱ्यातली, अंगाला सुक्या लुकुमा फळाचा गोडूस वास. तिच्या प्रबंधात एका पानावर छोटं पाकीट चिकटवलेलं होतं.

“इंजिनियरबाई, हे काय मधेच? पुस्तकाला गळू झाल्यासारखं दिसेल.”

“दिसू दे. त्यात लुकुमाची पूड आहे. मुन्याच्या, म्हणजे डोंगरी पुदिन्याच्या, काढ्यात फोडी बुडवून सावलीत वाळवल्या, तर फळ काळं पडत नाही. कुणी विश्वास ठेवत नाही म्हणून नमुनाच लावलाय.”

“बरं बाई. तुमचं फळ, तुमचं गळू.”

मास्तरांनी माझं चाक फिरवलं. ती गाठ माझ्या वरच्या पाट्यात रुतली. शेजारी अबेलार्दो नावाच्या मुलाचा कायद्याचा प्रबंध होता. दोन्ही शिवून झाले, पाठीला त्या गुंडाळीतल्या पट्ट्या सरसानं डकवून झाल्या आणि पुठ्ठे चढवायच्या वेळेला, संध्याकाळी सहाला, वीज गेली. कुठेतरी पुन्हा खांब उडवले होते. मास्तरांनी मेणबत्ती लावली आणि पुठ्ठे चढवले. मेणबत्तीच्या उजेडात लाल आणि हिरवं दोन्ही एकाच अंधाराची भावंडं असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एर्मेलिंदाची प्रत ग्रंथालयात पोचती झाली. ती स्वतः न्यायला थांबली नव्हती; शहर सोडून खोऱ्यात निघून गेली होती. दुपारी अबेलार्दो आला.

“हिरवं? मास्तर, मी काय एवोकाडो विकायला बसू आता?”

मास्तरांनी एकदा दारावरच्या पाटीकडे पाहिलं. “लाल संपलं होतं, डॉक्टर. या दिवसांत कापड मिळालं, हेच नशीब समजा.”

लाल कापडाचा तागा त्यांच्या मागेच फळीवर होता. ग्रंथालय रस्त्यापलीकडे होतं. चाळीस पावलं. मास्तर ती चालले नाहीत.

त्यानंतरची वर्षं मी मोजली नाहीत. प्रबंध तबकड्यांत गेले, मग तबकड्याही गेल्या. माझ्या पाट्यावर फुलझाडाची कुंडी आली. तिचं पाणी झिरपून मला गंज चढला. पाटीवरची अक्षरं उडाली. मास्तर एक्याऐंशीचे झाले. आम्ही दोघं दारातून फाटकाकडे बघत बसायचो, आणि फाटकातून आमच्याकडे कुणीच बघायचं नाही.

गेल्या वर्षी एर्मेलिंदा परत आली. केस पांढरे, हातात चापला पावाची पिशवी. सोबत सोराइदा, कायद्यावर संशोधन करणारी, अबेलार्दोची मुलगी.

“मास्तर, तुम्हीच शेवटचा आधार,” सोराइदा म्हणाली. “एका परदेशी कंपनीनं लुकुमा वाळवायच्या याच रीतीचं पेटंट घेतलंय. बाईंच्या सोसायटीतल्या साठ बायकांना पूड विकायला मनाई झालीय. ही रीत आधीच लिहिलेली होती हे दाखवलं, तर पेटंट रद्द होईल. सुनावणीला सोळा दिवस आहेत, आणि प्रबंध सापडत नाही.”

“घरची कच्ची प्रत?”

“आईनं जाळली,” एर्मेलिंदा म्हणाली. “झडती घेणारे यायचे. लिहिलेला प्रत्येक कागद तेव्हा गुन्हाच होता. आता सोसायटीतल्याच बायका म्हणतात, ताकुरीबाईंनी कधी काही लिहिलंच नव्हतं. हिरव्या कपाटातलं एकूण एक पुस्तक काढून पाहिलं, मास्तर.”

मी आतून ओरडत होतो; पण लोखंडाचं ओरडणं म्हणजे फक्त गंज.

सोराइदा उगाच हसली. “हिरव्यावरून आठवलं. बाबांचा प्रबंध तुम्ही हिरव्यात बांधला होता ना? मरेपर्यंत कोर्टात सगळे त्यांना ‘डॉक्टर एवोकाडो’ म्हणायचे.”

मास्तरांनी माझ्या चाकावर हात ठेवला.

“लाल संपलं नव्हतं,” ते म्हणाले. “मी खोटं बोललो. इंजिनियरबाई, तुमचं पुस्तक कायद्याच्या कपाटात आहे. मला त्याच दिवशी कळलं होतं.”

एर्मेलिंदानं पावाची पिशवी खाली ठेवली. “पस्तीस वर्षं, मास्तर?”

“चाळीस पावलं, बाई. तेवढीही चाललो नाही.”

प्रबंध लाल कपाटात सापडला. रंग बघून लावणाऱ्यांनी तो कधी उघडलाच नव्हता. पण कंपनीचे वकील म्हणाले, ग्रंथालयाचा शिक्का काय, कुणीही कधीही मारू शकतो. तेव्हा मास्तर म्हणाले, “शिक्का पाठीत नसतो. पाठ उघडा.” आणि साक्षीदारांसमोर, माझ्याच पाट्यावर ठेवून, त्यांनी स्वतःच्या हातानं ती पाठ चिरली.

आतून ती पट्टी निघाली. निवृत्त झालेले भौतिकीचे प्राध्यापक बघायला आले होते. तेरा मार्चची तारीख आणि ते उंच सुळके पाहून ते पट्टीवर वाकले.

“यंत्र बिघडलं नव्हतं,” ते हळूच म्हणाले. “ते सूर्याचं वादळ होतं. जगभरच्या सुयांनी त्या दिवशी हेच लिहिलं, आणि मी माझा कागद रद्दीत दिला.”

रसायनवाल्यांनी सरस तपासला: जनावराच्या कातड्याचा, आमच्या दुकानातून तीस वर्षांपूर्वीच हद्दपार झालेला. मग पाकीट उघडलं. पूड अजून पिवळी होती. सात महिन्यांनी लिमाहून कागद आला: पेटंट रद्द.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी. रंग बघून पुस्तक लावू नका, उघडून बघा. सुई कागदाबाहेर गेली, तर कागद फेकण्याआधी आकाशाकडे बघा. आणि चूक कळली, तर पावलं मोजत बसू नका.

परवा एर्मेलिंदा ते चिरलेलं पुस्तक घेऊन आली. मास्तरांनी माझ्यावरची कुंडी उचलली, गंज पुसला आणि हिरवं कापड तिच्या हातात दिलं.

“माझ्या डोळ्यांवर भरवसा नको. दारात उन्हात धरा आणि सांगा.”

ती दारात गेली. बराच वेळ ते कापड उन्हात धरून उभी राहिली.

“हिरवंच आहे, मास्तर.”

“पुन्हा एकदा बघा.”

“हिरवंच.”

मग चाक फिरलं, झिजलेले आटे कुरकुरले, आणि पाट्यात ती जुनी गाठ तिच्या जुन्याच जागी रुतली.