ओसरीवरची गौर

"आले, आले!" विद्युलतानं डाळीवर फोडणी ओतली आणि हात पुसत दार उघडलं. दारात मराठी मंडळाची चिटणीस यामिनी, मागे चार-पाच जणी, आणि लिफ्टपाशी आधीच चपलांचा ढीग.

"अगंबाई, बसायचं कुठे?"

"बेडरूममध्येही चटया घातल्यात. या की!" विद्युलता ठसक्यात म्हणाली.

पुरसवाक्कमच्या त्या जुन्या गल्लीत एकच बंगला उरला होता, तंजावरकडच्या राजसबाईंचा, आणि तोही नेमका विद्युलताच्या खिडकीसमोर. चारी बाजूंनी मोकळा, लाल कौलांचा, पुढे लांबरुंद ओसरी. नवऱ्याला, गजेंद्रला, पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात नोकरी लागली, विद्युलता नागपूरहून इथे तमिळ मुलखात आली आणि पहिल्याच सकाळी तिची नजर त्या बंगल्यावर खिळली ती खिळलीच. चैत्रगौरीचं हळदीकुंकू इथे सुरू केलं तिनं, दरवर्षी चैत्रातल्या दुसऱ्या शुक्रवारी. पण फ्लॅटमध्ये बायका मावेनात म्हणून राजसबाईंची ओसरी मागून घेतली. झालं! गौर हिची, डाळ हिची, पन्हं हिचं, आणि दारात उभं राहून "या, या" म्हणायचा मान त्यांचा. बायका जाताना आभारसुद्धा त्यांचेच मानायच्या. दर चैत्रात विद्युलताचा नुसता जळफळाट व्हायचा.

यंदा पोंगल झाला आणि राजसबाईंचे यजमान बालाजीराव गेले. विद्युलता रडली, अगदी मनापासून रडली. पण रडता रडताच तिच्या मनात आलं, आता हळदीकुंकू माझ्या घरी. राजसबाईंना तिनं सांगितलंसुद्धा नाही. नुकतंच कुंकू पुसलेल्या बाईला बोलवायचं तरी कसं? कारण आयतंच मिळालं होतं.

सगळ्यांत शेवटी रत्नप्रभाताई आल्या, घामाघूम होऊन.

"पाय मेले सवयीनं समोरच वळले! अगं, राजसबाई तर जमखाना अंथरून बसल्यात. मला विचारतात, बाकीच्या कुठे राहिल्या? तू सांगितलं नाहीस त्यांना?"



"त्यांचे यजमान गेले ना ताई, म्हणून..."

"माझेही गेलेत की. मला बरं बोलावलंस?"

दोन वर्षांपूर्वी रत्नप्रभाताईंना कुंकू लावायचं म्हणून विद्युलताच मंडळात तावातावानं भांडली होती. तिनं चौरंगावरची गौर उचलली. "यामिनी, डाळ घे," एवढंच म्हणाली आणि जिना उतरू लागली. बाकीच्या तिच्या मागोमाग.

समोरची ओसरी लखलखीत पुसलेली होती. तांब्याच्या घंगाळात पाणी, फुलांची परडी, विड्याची पानं, सगळं जिथल्या तिथे.

"या, या. लिफ्ट बिघडली काय की? मी म्हणे, बाया का येईनात!" राजसबाई हसून म्हणाल्या. पांढऱ्या काठाचं लुगडं, कपाळ मोकळं. "औंदा मला सण नाही. पण तुमच्या गौरीला जागा तर लागेल की."

विद्युलतानं मान खाली घातली. "मी तुम्हाला कळवलंच नाही. मुद्दामच नाही कळवलं."

"परवाइल्ले. जाऊ दे ते," राजसबाई म्हणाल्या आणि उठून पार पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. "दारात आता तुम्ही उभ्या राहा. घर आपलंच समजा."

इतक्या वर्षांची हौस! विद्युलता त्या दारात उभी राहिली. "या, या" म्हणताना नजर सारखी कोपऱ्याकडे वळत होती. एकेकीला हळदीकुंकू लावत ती कोपऱ्यापर्यंत पोचली आणि बोट पुढे केलं.

"मला नको," राजसबाई हळूच म्हणाल्या.

विद्युलता जागची हलली नाही. त्या मोकळ्या कपाळाचा शांतपणा पाहून तिला त्याही क्षणी हेवा वाटला, आणि स्वतःची लाजही वाटली. बोट तसंच पुढे होतं.

राजसबाईंनी पदरानं कपाळाचा घाम टिपला आणि त्या बोटापुढे चेहरा थोडा वर केला.