पत्र्यावरचा पंजा

गोपाळकृष्ण मुंबईच्या गोदीत होता. लाकडी बोटींच्या बुडाला शेवाळ अन् शिंपल्या धरू नयेत म्हणून तो त्यांना तांब्याचे पत्रे ठोकून घेई. काम संपेना, रजा मिळेना. आठ महिन्यांच्या लेकीला त्यानं अजून पाहिलंच नव्हतं. शेवटी त्यानं पत्र्याचा एक तुकडा गावी, मुरुमला घरी धाडला. त्यावर त्याच्या घामेजल्या पंजाची खूण हळूहळू काळी पडून उमटली होती.

त्याची बायको चारुशीला तो फडताळात, पुस्तकांमागं ठेवी. दुपारी कुणी नसलं की लेकीची बोटं त्या खुणेवरून फिरवी. नाहीतर पोर बापाला परका समजून रडेल, ही तिची धास्ती.

एके दिवशी ती न्हाऊन आली, तर पत्रा हंड्याशेजारी लखलखत होता.

"पुस्तकांमागं गवसला. चिंचेनं घासलाय," सासूबाई म्हणाल्या. "कॉलेजात शिकलीस, अन् तांब्यावरचे डाग दिसंनात व्हय?"

"आत्याबाई, तो... तो ह्यांचा हात होता."

सासूबाईंचा चिंचेनं माखलेला हात तसाच वर राहिला.

"माझ्या लेकाचा? अगं, मग मला नव्हतं का दाखवायचं?"

एवढे दिवस चारुशीला एकटीच वाट बघत असल्यासारखी वागली होती.

सासूबाईंनी हात धुतला, नातीचा घामेजला पंजा पत्र्यावर दाबला आणि शेजारी स्वतःचाही. "धाड त्याला. म्हणावं, आता तूच ये."

चारुशीला पत्रा न्याहाळत बसली. खूण काळी पडायला किती दिवस लागतात, हे त्याला विचारायचं राहूनच गेलं होतं.