फरार सून

बँकेने माणसाला चोर म्हटलं तर त्याला निदान भांडता तरी येतं. कल्पिताला बँकेने फरार म्हटलं होतं, आणि तेही ती बँकेतच, बँकेच्याच खुर्चीत, बँकेचंच गार पाणी पीत बसलेली असताना.

घोडबंदर रोडवरची शाखा ती. काचा इतक्या चकाचक की दोन म्हातारे आत येताना कपाळ आपटून घेतात, आणि सिक्युरिटीवाला त्यांनाच दरडावतो, नीट बघून चला म्हणून. टेबलापलीकडे रुचिता नावाची अधिकारी बसली होती. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ती हसायची. ट्रेनिंगमध्ये शिकवत असावेत.

"मॅडम, तुमचा अर्ज एकदम छान आहे. पगार आहे, डिप्लोमा आहे, सगळं ओके. फक्त क्रेडिट रिपोर्टवर एक शेरा आहे. आमच्याच बँकेच्या क्रेडिट कार्डाचं थकीत, वसुलीला दिलेलं. आणि पुढे लिहिलंय, ग्राहक दिलेल्या पत्त्यावर सापडत नाही. फरार."

"मी ही काय बसलेय तुमच्यासमोर."

"हो ना मॅडम. पण सिस्टीममध्ये तुम्ही सापडत नाही आहात," रुचिता म्हणाली आणि हसली.

कल्पिता वर्तकनगरच्या एका हॉस्पिटलात रक्त-लघवी तपासायचं काम करते. दुसऱ्यांच्या लॅबमध्ये दुसऱ्यांच्या सहीखाली सुया टोचून टोचून ती कंटाळली होती. तिला स्वतःचं छोटं कलेक्शन सेंटर काढायचं होतं. वर्तकनगरातच एक गाळा बघून ठेवला होता. गाळ्याच्या मालकीणबाई सरोजताई भल्या, म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत थांबते हो तुझ्यासाठी, पुढे मात्र नाही." दिवाळी तोंडावर आलेली आणि कर्ज त्या एका शेऱ्यापाशी अडलेलं.

आता कोणी म्हणेल, माजिवड्याच्या पाटलांची सून, तिला कर्ज कशाला? जमीन बिल्डरला दिलेली, त्यावर टॉवर उभे, टॉवरखाली सासऱ्यांचे चार गाळे. सासरे नाथा पाटील तसं म्हणालेच होते. "बँकेचे दारान कशाला जातेस? आपला गाला घे. फुकट." फुकट म्हणजे काय ते कल्पिता सहा वर्षांत शिकली होती. फुकटच्या गाळ्यावर 'पाटील लॅब' अशी पाटी लागली असती, उद्घाटनाच्या बॅनरवर सासऱ्यांचा गॉगलमधला फोटो आला असता आणि कोपऱ्यात, फुलांच्या खाली, 'सौ. रुपाली' असं बारीक अक्षरात. तिला स्वतःच्या कमाईचं, स्वतःच्या सहीचं आणि स्वतःच्या नावाचं काहीतरी हवं होतं. हट्ट एवढाच.

रुपाली कोण, तर तीच. लग्नात ताटभर तांदूळ पसरले, नवऱ्याने, दिपेशने, अंगठीने त्यात 'रुपाली' लिहिलं, बायांनी पेढे वाटले आणि भोपरची कल्पिता म्हात्रे माजिवड्याची रुपाली पाटील झाली. नाव नणंदेने निवडलं होतं. नवरीला कोणी विचारलं नाही, तांदळाला तरी कोण विचारतं! तिने कागदपत्रांत मात्र काही बदललं नाही. आधारवर, पॅनवर, डिप्लोम्यावर ती कल्पिताच राहिली. घरात रुपाली, कागदावर कल्पिता, असा दोन चुलींचा संसार सहा वर्षं बिनबोभाट चालला होता.

आणि ते कार्ड! लग्नाआधी डोंबिवलीच्या लॅबमध्ये असताना एका टायवाल्या पोराने ते तिच्या गळ्यात मारलं होतं. 'आयुष्यभर फुकट.' बँकेच्या हिशेबात आयुष्य एका वर्षाचं असतं, हे त्याने सांगितलं नव्हतं. त्यावर तिने आईला मिक्सर घेतला, पैसे वेळेवर भरले आणि लग्नाच्या आधी फोन करून कार्ड बंद केलं. बंद झाल्याचा मेलसुद्धा आला. पण बँकेने मेल पाठवला आणि कार्ड चालूच ठेवलं. मग न वापरलेल्या कार्डाची वार्षिक फी, न भरलेल्या फीचा दंड, दंडावर व्याज, व्याजावर टॅक्स. पाचशे रुपयांचं पिल्लू खाऊन-पिऊन चाळीस हजारांचं रेडकू झालं. जुना नंबर तिने लग्नानंतर सोडलेला, त्यामुळे फोन लागेना. सासरचा पत्ता मात्र बचत खात्यासाठी तिने स्वतःच इमानाने बँकेला कळवला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिने ऑनलाइन तक्रार टाकली. या तक्रारीची पद्धत मोठी गमतीची आहे. रिपोर्ट बनवणारी कंपनी स्वतः काही तपासत नाही, ती बँकेला विचारते. बँक स्वतःलाच विचारते. म्हणजे चोरालाच विचारायचं, बाबा, तू चोरी केलीस का? तो नाही म्हणाला की फाइल बंद. महिन्याभराने उत्तर आलं, 'बँकेने माहिती बरोबर असल्याचे कळवले आहे.' तिने कार्ड बंद झाल्याचा बँकेचाच मेल जोडून पुन्हा तक्रार टाकली. उत्तर तेच, स्वल्पविरामासकट.

"भरून टाक ना पैसे," दिपेश म्हणाला. तो रेती-विटांचा धंदा करतो, त्यामुळे कुठलीही अडचण त्याला चार पैशांनी भरायचा खड्डा वाटते. "कटकट मिटेल, रुपा."

"मिटत नाही. भरले तर रिपोर्टवर 'सेटल' असं लिहितात. म्हणजे बुडवणार होती, पकडल्यावर तडजोड केली. तो डाग वर्षानुवर्षं राहतो. आणि मी न केलेल्या खर्चाचे पैसे का भरू?"

"तत्त्व वगैरे ठीक आहे गं..."

"तत्त्व नाही. माझं नाव आहे ते."

दिपेशने खांदे उडवले. त्याच्या दृष्टीने तिचं नाव त्याने तांदळात लिहिलं होतं आणि विषय तिथेच संपला होता.

ती पुन्हा काचेच्या शाखेत गेली. या वेळी तिने सरळ सांगितलं, आता बँकिंग लोकपालाकडे जाते. लोकपाल हा शब्द ऐकून रुचिताचं हसू पहिल्यांदा वाक्याच्या मध्येच संपलं. ती साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन आली.

"मॅडम, तुमचा मेल आम्ही बघितला. कार्ड बंद झालेलं दिसतंय. म्हणजे चूक... म्हणजे तांत्रिक बाब आमच्याकडून झालेली दिसतेय."

"मग काढा शेरा."

"तोच प्रॉब्लेम आहे. फरार ग्राहकाची तक्रार आम्हाला विचारात घेता येत नाही. आधी तुम्ही सापडायला हव्यात. आमचा माणूस तुमच्या घरी येईल. तुम्ही तिथे राहता, असं घरातल्या दुसऱ्या कोणीतरी सांगायला हवं. तुमचं स्वतःचं सांगणं चालत नाही."

"का?"

"फरार माणूस खोटं बोलू शकतो ना मॅडम."

भिंतीवर डोकं आपटावं तर भिंतही काचेची. कल्पिताने विचारलं, "मागच्या वेळी तरी आलेला का कोणी?"

रुचिताने स्क्रीनवरून वाचून दाखवलं. "आलेला मॅडम. लिहिलंय, घरातील ज्येष्ठ महिलेने सांगितले की कल्पिता म्हात्रे नावाची कोणीही व्यक्ती येथे राहत नाही आणि कधीही राहत नव्हती. शेजारीही तेच म्हणाले."

घरात ज्येष्ठ महिला एकच होती. सासूबाई, शालू पाटील.

रिक्षाने माजिवड्याला येईपर्यंत कल्पिताचं डोकं तापलं होतं. बँकेचा राग करणं सोपं. बँक परकी, तिच्याकडून भलं व्हावं अशी आशाच नसते. पण जिला सहा वर्षं रोज आई म्हटलं, जिच्या गुडघ्यांना तेल चोळलं, तिने दारात उभं राहून सांगावं की अशी कोणी इथे राहतच नाही?

शालूबाई ओटीवर सुके बोंबील निवडत बसल्या होत्या. चारी बाजूंनी टॉवर उठले तरी त्यांनी ओटी काही मोडू दिली नव्हती.

"आई, बँकेचा माणूस आलेला तेव्हा तुम्ही त्याला परत पाठवलंत?"

"कनचा मानूस?"

"कल्पिता म्हात्रेला विचारायला आलेला."

शालूबाईंनी बोंबलाचं डोकं मोडलं. "हां, त्यो. येक आल्ता खरा. हय कोनी कल्पिता नाय म्हनून सांगितला."

"मी आहे ना कल्पिता!"

"तू रुपाली हाय. मी कं खोटा सांगितला?"

"लग्नाच्या पत्रिकेवर काय नाव होतं माझं? वाचलं होतंत ना?"

"त्या म्हायेरचा. म्हायेरचा नाव उंबऱ्याभायेर ठेवायचा, आमचे सासूने सांगितलेला. घरान घ्यायचा नसतो." शालूबाईंच्या आवाजात जराही पश्चात्ताप नव्हता. उलट एक बोंबील त्यांनी तिच्याच दिशेला जरा जोरात टाकला.

"तुमच्या त्या उंबऱ्यापायी मी फरार झाले, आई. लोकांचे पैसे बुडवून पळालेली बाई! माझा गाळा जाईल दिवाळीनंतर." कल्पिताचा आवाज चढला आणि फाटलाही. "तो माणूस परत येणार आहे. तुम्हाला एवढंच म्हणायचंय, कल्पिता इथे राहते. घ्याल का नाव?"

शालूबाईंनी पुढचा बोंबील उचलला.

"बरं, मला एक सांगा. तुमचं काय होतं माहेरचं नाव?"

शालूबाईंचे हात थांबले. मग त्यांनी सूप उचललं, अर्धे बोंबील तसेच ठेवले आणि आत निघून गेल्या. सहा वर्षांत कल्पिताने त्यांना निवडण अर्धं टाकून उठताना पाहिलं नव्हतं. त्या रात्री जेवताना सासू-सुना एकमेकींशी बोलल्या नाहीत. नाथा पाटलांना मात्र जेवण नेहमीसारखंच लागलं, त्यांनी दोनदा कालवण मागून घेतलं.

शेरा निघाला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. गाळाही मिळाला. बँकेने माफी मागितली नाही, कारण माफीचा रकाना सिस्टीममध्ये नाही. पण सांगायचं राहिलं ते त्या माणसाच्या दुसऱ्या भेटीचं.

माणूस तोच होता, मागच्या वेळचा. मधू त्याचं नाव. हेल्मेट काखेत, फोन हातात. नाथा पाटील ओटीवर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. कल्पिता दाराशी उभी. तोंड उघडायचं नाही, अशी ताकीद मधूने येताक्षणीच दिली होती.

शालूबाई आतून पदर खोचत आल्या. मधूने विचारलं, "आजी, कल्पिता म्हात्रे इथे राहतात का?"

कल्पिताने दाराची चौकट धरली.

"अरे," नाथा पाटील पेपरामागून म्हणाले, "आमची रुपाली..."

"तुमी गप रावा," शालूबाई म्हणाल्या आणि मधूकडे वळल्या. "राहते. कल्पिता माझी सून हाय. सा वर्सां झाली. ही काय उभी हाय, डोले फुटले का तुजे?"

मधू गडबडला. "पण आजी, मागच्या वेळी तुम्हीच सांगितलेलं, अशी कोणी नाही म्हणून."

"मागचे टायमाला तू कसा आल्तास? गाडीवर बसूनच बोंबलत होतास, कल्पिता म्हात्रे पैसे बुडवून बसलीय, कुठं लपवलाव तिला. माझे सुनेला चोर म्हनतोस आनी वर मना इचारतोस? जा म्हनून सांगितला. चहा पाजायचा होता का तुला?"

म्हणजे म्हातारीला तेव्हाही ठाऊक होतं! उंबरा होता तो होताच, पण उंबऱ्यावर त्या उभ्या राहिल्या होत्या त्या सुनेला झाकायला. कल्पिताला रडू आलं आणि हसूही. आपण सासूला काय काय बोललो ते आठवून तिने मान खाली घातली.

मधूने निमूटपणे फोनवर टिकमार्क केले. "झालं आजी. ग्राहक पत्त्यावर सापडला, असं टाकतो. आठवड्यात शेरा निघेल. आता फक्त माहिती देणाऱ्याचं नाव."

"शालू नाथा पाटील," नाथांनी पेपराची घडी घालत खुर्चीतूनच सांगितलं. "लिही."

"तुमाना इचारला का त्यानी?" शालूबाई म्हणाल्या. त्यांनी एकदा सुनेकडे बघितलं, मग मधूच्या फोनकडे. जे बोलायचं ते जिभेवर येईना असं दिसत होतं. बऱ्याच वर्षांत वापरलं नव्हतं ना.

"लिही," त्या म्हणाल्या. "सुमती."

मधूने मान वर केली. नाथा पाटलांनी पेपर मांडीवर ठेवला. चाळीस वर्षं जिच्या हातचं कालवण दोन-दोनदा मागून खाल्लं, तिच्याकडे त्यांनी पाहिलं, मग दाराकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"कोन सुमती?" त्यांनी विचारलं.

मधू बुचकळ्यात पडला. त्याने कल्पिताकडे बघितलं, मघाशी आपणच तिला बोलायची बंदी केली होती हे विसरून.

"इथेच राहतात," कल्पिता म्हणाली. "लिहा तुम्ही."