शिकवणीतला मांजरपाटाचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे, जाड्याभरड्या मांजरपाटाचा आणि स्वभावाने भित्रा. मी हललो की लोक म्हणतात, वारा सुटला. वारा कसला? दाराबाहेर कुणी मोठ्याने बोललं तरी माझी खालची किनार थरथरते.

माझं सूत परळच्या एका गिरणीत निघालं. तिथल्या साचाखात्यात, म्हणजे सूत काततात त्या खात्यात, कोंडीराम कामाला होता. गिरणीच्या दुकानातून त्याने मला स्वस्तात आणलं आणि नायगावच्या चाळीतल्या आपल्या खोलीत ट्रंकेत ठेवून दिलं. मग गिरण्यांचा संप झाला. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणता म्हणता वर्ष उलटलं.

कोंडीरामची बायको मीराबाई बी.ए. झालेल्या. त्यांनी घरातच शिकवणी सुरू केली. घरची चूल त्या शिकवणीवरच पेटत होती. पण सातवी आणि दहावी एकाच खोलीत, त्यामुळे सुरुवातीला नुसता मासळीबाजार. दहावीला भूमिती सांगावी तर सातवी खिदळायची. सातवीला दटावावं तर दहावी खिडकीबाहेर बघायची. बाईंचा घसा बसला.

तेव्हा कोंडीराम म्हणाला, "मीरा, आम्ही खात्यात दोन साच्यांच्या मधल्या बोळात उभं राहतो. एका बाजूचे तुटलेले धागे जोडतो, तवर दुसऱ्या बाजूचं सूत चालूच असतं. तू पण तशीच मधी उभी राहा ना."

त्याने मला ट्रंकेतून काढलं आणि खोलीच्या मधोमध टांगलं. एका बाजूला बाई शिकवायच्या, तेवढ्या वेळात दुसऱ्या बाजूची मुलं गणितं सोडवायची. ज्याचं गणित अडेल त्याच्यापुढे कोंडीराम फरशीवर खडूने फुली मारायचा. मग बाई मला सारून पलीकडे आल्या की थेट फुलीपाशी बसायच्या. मुलं जागची हलायची नाहीत आणि वेळ वाया जायचा नाही. मला तर स्वतःचा अभिमान वाटू लागला. गिरणी बंद होती, पण आमचा साचा झकास चालला होता.

एकच गोष्ट जमत नव्हती. दिवसा चाळीत कुणाचं कुणाला ऐकू येत नसे, म्हणून शिकवणी पहाटेची. पूर्वी पहिल्या पाळीच्या भोंग्याने सगळे जागे व्हायचे. आता भोंगा मुका झाला होता. मुलं एकेक करून उशिरा यायची आणि बाईंना तेच ते पुन्हा सांगावं लागायचं. म्हणून कोंडीराम रोज अंधारात बाहेर पडून दारोदार मुलांना उठवू लागला. अंगात गिरणीतलाच सदरा असायचा.

मित्रांनो, इथेच घात झाला. काही गिरण्या तेव्हा थोडे थोडे कामगार आत घेऊन चालू होऊ पाहत होत्या. जो लपून कामावर जाई, त्याला लोक 'फुटला' म्हणत आणि गाठून मारत. एका पहाटे कोंडीराम निघणार, तोच दारात शिवा उभा. शिवा त्याच्याच खात्यातला, वरच्या मजल्यावर राहणारा. सोबत दोन अनोळखी माणसं होती.

"कोंड्या, कुठं चाललास?"

"पोरांना उठवायला."

"गिरणीचा सदरा घालून?"

"दुसरा हाय कुठं माझ्याकडं? तुला ठाऊक नाय?"

"माझी बायको पोरं घेऊन गावाला गेली, कोंड्या. मी अजून फुटलो नाय," शिवा म्हणाला. "उद्यापासून उजाडायच्या आत खाली दिसलास, तर हे लोक विचारत बसणार नायत."

ते निघून गेले. त्या दिवशी निम्मी मुलं आलीच नाहीत. दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. तळमजल्यावरच्या नलूला तर घरून सांगितलं होतं, नापास झालीस तर सरळ गावी धाडू.

"मी जाणार उठवायला," संध्याकाळी कोंडीराम म्हणाला.

"अहो, तुमचं काही बरंवाईट झालं, तर या पोरांना मी काय तोंडाने शिकवू?" मीराबाई म्हणाल्या. मग दोघंही जेवली नाहीत.

दुसऱ्या पहाटे कोंडीराम दाराला पाठ लावून बसला होता. बाईंनी दिवा लावला, पण फळ्यावर काही लिहिलं नाही. आणि मग गॅलरीत पावलं वाजू लागली. दोघातिघांची नव्हती, पुष्कळ होती. पावलं जवळ जवळ येत होती. माझ्या धाग्याधाग्यात भीती भरली. बाईंनी कोंडीरामला ओढून माझ्यामागे ढकललं आणि स्वतः दारापुढे उभ्या राहिल्या. दारावर थाप पडली.

"बाई, मी नलू. आज काका आले नाहीत, म्हणून आम्हीच एकमेकांना उठवलं."

बाईंनी दार उघडलं. सगळी सातवी आणि सगळी दहावी दारात उभी होती. मुलांच्या मागे डोळे चोळत शिवाही उभा होता. वरच्या मजल्यावरची मुलं उठवताना त्यांनी त्याचंही दार वाजवलं होतं.

शिवाने मुलांकडे पाहिलं आणि माझ्यामागून बाहेर आलेल्या कोंडीरामच्या सदऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "वहिनी, उद्या वरचा मजला मी उठवतो."

त्याने शब्द पाळला. नलू पास झाली. कोंडीरामची गिरणी मात्र पुन्हा धड सुरू झालीच नाही. शिकवणी पुढे बरीच वर्षं चालली आणि शिवा आमच्याकडे चहाला येत राहिला. पण गॅलरीत पावलं वाजली की कोंडीराम आधी दाराची कडी बघायचा. शेवटपर्यंत त्याची ती सवय सुटली नाही.

आता चाळ पाडणार आहेत. मीराबाई सामान आवरताहेत आणि मी विटून विरलो आहे. माझं पोतेरं झालं तरी माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, शेजारच्या माणसाला काही विचारलंत, तर त्याचं उत्तर खरं असू शकतं हे मनात धरून विचारा. तुमच्या पावलांच्या आवाजाने त्याला कडीकडे बघावं लागेल, असं कधी वागू नका.